श्रीमंती आली म्हणून कार्बन उतरत नाही

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय: 'आधी देश श्रीमंत होऊ द्या, प्रदूषण आपोआप कमी होतं, लंडन बघा. भारताचं उत्सर्जन जीडीपीच्या मानाने घटतंयच. बँका मोठ्या झाल्या की पैसाही सौरऊर्जेकडे वळेल.'

लंडनचं आधी. 1952च्या धुरक्यात हजारो माणसं दगावली, त्यानंतर 1956चा स्वच्छ हवा कायदा आला. धूर कायद्याने हटवला, पगारवाढीने नव्हे. शिवाय धूर नाकातोंडात जातो, म्हणून लोक बोंब मारतात. कार्बन डायऑक्साइडला ना वास ना रंग. अमेरिकेहून श्रीमंत कोण? तिथे आजही दरडोई वर्षाला 14 टनांच्या आसपास. आपण 2च्या. (तेव्हा आपल्याला वाढायचा हक्क आहे, हे मान्यच. वाद त्यावर नाही.)

जीडीपीच्या मानाने घट हा आकडा खरा आहे: 2005 ते 2019 मध्ये 33 टक्के. पण त्याच काळात जीडीपी दुपटीहून जास्त झाला. नुसती दुप्पट धरा आणि त्यातून 33 टक्के वजा करा, तरी 100चे 134 होतात. वातावरणात भर पडते ती एकूण टनांची, गुणोत्तराची नाही.

आता पैसा. कर्ज स्वस्त झालं की पहिल्यांदा काय येतं? मे महिन्यात हप्त्यावर एसी. तो चालतो रात्री, सूर्य मावळल्यावर, म्हणजे बहुतांशी कोळशावर. आणि औष्णिक प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या बँकेला तो फेड होईपर्यंत चालायलाच हवा असतो. चंद्रपूरचे पहिले दोन संच 1980च्या दशकात सुरू झाले, ते तीन दशकं राबल्यावरच निवृत्त झाले. आज उभारलेला संच 2050 नंतरही धूर सोडत असेल.

सौरऊर्जेकडे पैसा वळलाय, नाही असं नाही. पण कशामुळे? 2017 मध्ये राजस्थानातल्या भडल्याच्या सौर पार्कच्या लिलावात विजेचा दर युनिटला 2 रुपये 44 पैशांवर आला. पॅनेल स्वस्त झाली होती हे खरंच, पण सौर पार्कची जमीन तयार होती, लिलाव सरकारी कंपनीने घेतला होता आणि वीजखरेदीचा करार 25 वर्षांचा होता. बँकांनी कर्ज दिलं ते त्या कराराकडे बघून.