उभारलास काय?

कोल्हापुरात माणूस उभा राहत नाही, उभारतो. एस्टीत जागा नसली तर उभारतो, मिसळीच्या रांगेत उभारतो, निवडणुकीला तर उभारतोच उभारतो. वयाच्या ४२ वर्षांपर्यंत या क्रियापदानं मला काही त्रास दिला नव्हता. गेल्या मे महिन्यात गोव्याला जाऊन आलो आणि तिथून पुढं सहा महिने अख्खी शिवाजी पेठ मला एकच प्रश्न विचारत होती, "काय भावा, उभारलास काय?"

झालं असं, की मुलं केळ्याच्या आकाराच्या त्या रबरी बोटीवर बसायला गेली आणि मी नि मेव्हणा किनाऱ्यावर चपला राखत बसलो. समोर खाडीत एक पोरगा दोन फळ्यांवर उभारून बोटीमागं सुसाट निघाला होता. वॉटर स्कीइंग म्हणतात त्याला, आणि त्या फळ्यांना स्की. एका हातानं दोरी, दुसऱ्या हातानं केस सारखे करतोय. मेव्हणा म्हणाला, "दाजी, हे आपलं काम न्हवं." मेव्हण्यानं तोंड उघडलं नसतं तर हा लेख झाला नसता.

वास्तविक माझा हिशेब साधा होता. पुढं बोट, मागं आपण, मधी दोरी. आणि दोरीच्या बाबतीत मी अडाणी नाही. आमच्या तालमीच्या रस्सीखेचीत मी शेवटचा गडी असायचो, कमरेला वेढा घेऊन टाच रोवणारा. दोरी ताणली गेली की आपण मागं झुकायचं आणि मरेस्तोवर ओढायचं, हे माझ्या हाडात भिनलंय.

पहिला अर्धा तास पायात फळ्या चढवण्यात गेला. त्या स्कीला रबराचे घट्ट बूट असतात आणि त्यात पाय जायला साबणाचं पाणी ओततात. लग्नात नवरीला बांगड्या भरताना कासार जशी बोटं दाबतो, तशी शिकवणाऱ्या पोरानं माझी टाच दाबली. मग लाइफ जॅकेट. ते माझ्या पोटावरून निसटून कानापर्यंत वर यायचं. मी ते खाली ओढत असताना तो शिकवणारा खुणा समजावत होता, कारण इंजिनाच्या आवाजात बोटीवर काही ऐकू जात नाही. त्यातली डोक्यावर थापटलं की किनाऱ्याला परत, एवढी एकच माझ्या लक्षात राहिली. बाकीच्या जॅकेटमध्ये गेल्या.

मग पाण्यात. गुडघे छातीशी घेऊन गोळा व्हायचं, हात सरळ, फळ्यांची टोकं पाण्याबाहेर, दोरी दोन्ही फळ्यांच्या मधून. सांगायला सोपं आहे. जॅकेट माणसाला उताणं करतं आणि फळ्या लाकडाच्या जातीला जागून वर तरंगू पाहतात. डावा पाय गोव्यात राहिला तर उजवा कारवारकडं निघाला. त्यांना कसंबसं जवळ आणावं तर त्यांची कात्री व्हायची. उलट्या पडलेल्या झुरळाबद्दल मला त्या दिवसापासून फार वाटतं.

७५ फुटांची दोरी हळूहळू ताणली गेली, इंजिन गरजलं आणि दोरीच्या टोकाची दांडी हातात जिवंत झाली. तालमीतला शेवटचा गडी जागा झाला. मी ओढली.

पुढचं सांगण्यासारखं नाही, पण सांगतो. नाकातून आत शिरलेलं खारं पाणी थेट मेंदूच्या मागल्या दारापर्यंत जातं. बोट वळून आली. "सर, खींचनेका नहीं! बोट खींचेगा!" मी मान डोलावली आणि परत ओढली. त्या दुपारी सहा वेळा बोट निघाली, सहा वेळा मी खाडीचा ठाव घेतला. त्यातल्या एका वेळी तर दांडी सोडायचंच विसरलो आणि थोडं अंतर पाणबुडीसारखा गेलो. किनाऱ्यावर भाचा मोबाईल धरून होता.

रात्री लॉजवर नाक शिंकरत मी या खेळाचा मूळ पुरुष शोधून काढला. अमेरिकेतल्या मिनेसोटात पेपिन नावाचं सरोवर आहे. तिथं १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात आलं, की बर्फावर फळ्या बांधून घसरता येतं तर पाण्यावर का नाही? त्यानं आधी पिंपाच्या फळ्या बांधून बघितल्या, बुडाला. मग बर्फावरच्या स्की बांधल्या, बुडाला. शेवटी पाइनच्या आठ फुटी फळ्या आणल्या आणि आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळत्या पाण्यानं त्यांची टोकं मऊ करून वर वाकवली. मला आमच्या घरचा तांब्याचा बंब आठवला. आंघोळीच्या बंबात मी फळ्या शिजवायला घातल्या असत्या, तर आईनं मलाच आधणात सोडलं असतं. तरीही तो पडतच होता. जेव्हा मागं रेलून टोकं पाण्याच्या वर ठेवायचं सुचलं, तेव्हा कुठं २ जुलैला उभारला. खेळ शोधून काढणाराच इतका पडला म्हटल्यावर मला झोप लागली.

परत आलो तर व्हिडिओ माझ्या आधी पेठेत पोचला होता. गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशीखालचा पेला हातात घेतला, तोवर दूध काढणाराच धार न थांबवता म्हणाला, "काय, उभारलासा काय?" मी म्हणालो, हसू नका, हा खेळ १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला प्रात्यक्षिक म्हणून दाखवला होता. शेजारचे एक म्हातारे पैलवान मिशीवरचा फेस पुसत म्हणाले, "ऑलिंपिक म्हणजे १९५२, हेलसिंकी, खाशाबा. बाकी समदं प्रात्यक्षिकच." यावर काय बोलणार?

रंकाळ्यावर सराव करावा असंही एका संध्याकाळी मनात आलं. भेळ खात संध्यामठाकडं बघत बसलो होतो. पण एखाद्या कोपऱ्यात साचलेलं केंदाळ बघून विचार सोडला. त्यात अडकून मेलो असतो, तर पेठेनं श्रद्धांजलीच्या फलकावरही तोच प्रश्न छापला असता.

म्हणून घरच्या हॉलमध्ये सुरू केलं. पाण्यात उतरायच्या आधी हा सराव जमिनीवर करतात, असं वाचलं होतं. लाटण्याला दोरी बांधली, पायात मोजे चढवले आणि गुळगुळीत फरशीवर उकिडवा बसलो. भाच्यानं दोरी ओढायची, मी हात सरळ ठेवून, नजर समोर ठेवून, हळूहळू उठायचं. गंमत अशी की वाचलेलं सगळं बरोबर होतं. हात दुमडले की दोरी सैल पडते, क्षणभर आपल्याला ओढणारं कुणी उरत नाही आणि माणूस पाठीवर. घाईनं पाय ताठ केले तर फळ्या पाण्यावर यायच्या आधीच नांगरासारख्या आत घुसतात आणि माणूस तोंडावर. मला ते शब्दन् शब्द समजत होतं. हातांना मात्र समजत नव्हतं. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, तेव्हा मी लाटणं छातीशी कवटाळून सोफ्याखाली गेलो होतो. बायकोनं वाटीत विरजण घातलं आणि शांतपणे सांगितलं, "स्कीइंग करतायत." काकूंनी वाटी घेतली आणि काही न बोलता गेल्या. आठवडाभर त्यांच्याकडून वाटी परत आली नाही.

माझं घोडं पाण्यात उभारलं ते राधानगरीकडं, मामाच्या शेतात. पण घोड्यानं नव्हे, बैलांनी.

जुलैत रोप लावणीला गेलो होतो. पाऊस झिमझिमत होता, वाफा घोटाभर पाण्यानं भरलेला. लावणीआधी चिखल सपाट करायला बैलांमागं लाकडी फळी ओढतात, तिला गुठ्ठा म्हणतात. आमच्याकडं याच्या शर्यतीही होतात. सत्तरीतला मामा, डोक्यावर इरलं, एका हातात कासरा, त्या गुठ्ठ्यावर उभारून चिखलातून सर्रकन माझ्यासमोरून गेला. गुडघे किंचित वाकलेले, अंग मागं रेललेलं, हात सरळ, नजर बैलांच्या पुढं. तोंडात विझलेली बिडी. मागं चिखलपाण्याची फाकलेली शेपटी. मी बांधावर भिजत आ वासून उभारलो. मिनेसोटात १९२२ ला काय झालं ते असू दे. मामाच्या आज्याला विचारायला कुणी गेलंच नव्हतं.

मी पँट दुमडून गुठ्ठ्यावर चढलो. बैल चालले. मी कासरा ओढला. बैल थांबले, मी नाही थांबलो. चिखलातून मान वर काढली तर मामा बिडी शिलगावायच्या खटपटीत होता.

"बैलं वडत्यात न्हवं?" तो म्हणाला.

"व्हय."

"मग तू कशाला वडाय लागलाईस?"

गोव्यातला शिकवणारा सहा वेळा हेच ओरडून दमला होता. पण ते हिंदीत होतं. मामाचं वाक्य कोपरातून आत गेलं. तिसऱ्या फेरीला हात सैल न सोडता नुसते लांब ठेवले, भार टाचांवर टाकला आणि वाफ्याच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत उभारून गेलो. दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरल्या की जिना उलटा उतरावा लागला. मग रोज शंभर बैठका मारू लागलो. तालीम शेवटी कामाला आली, फक्त हातांऐवजी पायांना.

पावसाळ्यात पाण्यावरचे खेळ बंद असतात. नोव्हेंबरात परत गेलो. तीच खाडी, तोच पोरगा. त्यानं मला ओळखलं आणि साबणाची बाटली काढताना हसला.

गोळा झालो. इंजिन गरजलं. "बैलं वडत्यात," मी मोठ्यानं म्हणालो. दांडीनं खांदे पुढं नेले, छातीवर पाण्याचा डोंगर आला, डोळ्यांसमोर नुसता फेस. मी काहीच केलं नाही. आयुष्यात इतक्या कष्टानं काहीच न करण्याची ही पहिलीच वेळ. आणि पायाखालचं पाणी एकदम घट्ट झालं. ओट्यावर कणकेखाली परात सरकावी तशा फळ्या खालून वर आल्या, आवाज बदलला, गुबगुबचं सर्र झालं, आणि मी उभारलेलो होतो! किनारा बाजूनं पळतोय, वारा ओल्या तोंडावर आपटतोय, पाय थरथरतायत पण खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतंय. खुळ्यासारखा हसत सुटलो.

बोटीत मागं तोंड करून बसलेल्या पोरानं हातानं विचारलं, कसं काय? अशा वेळी कोल्हापूरचा माणूस काय करणार? एक हात सोडला आणि अंगठा वर केला. एक नंबर!

पोरगा ड्रायव्हरला काहीतरी बोलला आणि बोटीनं वेग घेतला. मला वाटलं, खूश झाले असतील. सौजन्य म्हणून परत अंगठा दाखवला. बोट आणखी उसळली. अंगठा वर म्हणजे 'वेग वाढवा', ही ती जॅकेटमध्ये गेलेली खूण. फळ्या आता पत्र्यावर दगड उडावेत तशा आपटत होत्या, डोळ्यांतून पाणी कानांकडं चाललं होतं. शेवटी जी एकच खूण पाठ होती ती केली. डोक्यावर थापटायला हात नेला, तोल गेला आणि खाडीवरून तीन टप्पे खात गेलो.

वर आलो तेव्हा नाकात तेच खारं पाणी होतं. पण किनाऱ्यावर मेव्हणा उभारून शिट्ट्या मारत होता.

अंग पुसायच्या आधी मामाला फोन लावला. पलीकडं गोठ्यातली घुंगरं वाजत होती.

"मामा, उभारलो!"

"बरं झालं," मामा म्हणाला. "मग, किती रान सपाट केलंस?"