टॅग काढायला विसरता तुम्ही, चोर ठरतो आम्ही

परवा पुन्हा तेच. आईसोबत कपड्यांच्या दुकानातून बाहेर पडत होते, बिल हातात, आणि दारातले ते चोरी पकडायचे दोन खांब कोकलायला लागले. बिलाच्या रांगेतली सगळी डोकी एकदम आमच्याकडे वळली. आईचा चेहरा पांढराफटक. सत्तरीची बाई, जन्मात कुणाची काडी उचलली नाही, ती भर दुकानात पिशवीतला एकेक कपडा गार्डला काढून दाखवतेय! निघालं काय, तर कुर्त्याच्या शिवणीला तो प्लास्टिकचा टॅग तसाच. काउंटरवरच्या मुलाने काढलाच नव्हता. साधं 'सॉरी' कुणाच्या तोंडून निघालं नाही.

अहो, त्या यंत्राला चोरी कळत नाही! खांबांमधून ठरावीक फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सुटतो, कुठे ५८ किलोहर्ट्झ, कुठे ८.२ मेगाहर्ट्झ. चालू टॅग मधे आला की भोंगा वाजतो, बस. टॅग काढायचं, किंवा टॅग स्टिकरसारखा असेल तर काउंटरवरच्या पॅडवर तो बंद करायचं काम काउंटरचं. दुसऱ्याच दुकानाचा स्टिकर पर्समध्ये राहिला असला तरी वाजू शकतो.

आणि एरवी? एरवी भोंगा वाजला की गार्ड मोबाईलमधून मानही वर करत नाही, हातानेच 'जा, जा'. लोकही बिनधास्त चालू पडतात. आमच्या पुढचा सुटाबुटातला माणूस तसाच वाजत गेला, मी डोळ्यांनी पाहिलंय. मग माझ्या आईलाच का अडवलं? साधी सुती साडी आणि खांद्याला कापडी पिशवी होती म्हणून?

कुर्ता अजून पिशवीतच पडलाय. घालणार नाही म्हणते.