बारमाही शिमग्यासाठी काही सूचना

मुंबईत दोन-चार ओपन माइक मारून झालेत, गणपतीला गावी यायचंय आणि वाडीच्या मंडळाने ‘यंदा एक रात्र तुझा तो स्टँडअप ठेवूया’ म्हटलंय, अशा तरुणांसाठी हे लिहितो आहे. मी मंडळाचा खजिनदार. विनोदातलं मला कळतं असा दावा नाही, पण कितव्या मिनिटाला किती माणसं उठून गेली याची नोंद माझ्याकडे असते.

पहिली गोष्ट, येताना शिव्या भरून आणा. बॅगेत जागा कमी पडली तर विनोद मागे ठेवा. शिव्या दिल्लीकडच्याच आणा, इथल्या नकोत. इथल्या शिवीची अडचण अशी की ती नात्यातली असते. ‘आवशीचो घोव’ घ्या. रागाने म्हटलं तर डोकी फुटतात आणि शब्द सोडवून पाहिले तर अर्थ निघतो ‘वडील’. ‘मेल्या’ ही शिवी की माया, हे कळायला म्हणणारीचं तोंड बघावं लागतं. तिकीट काढून आलेल्या माणसाला एवढे कष्ट देऊ नयेत.

कोणी म्हणेल, आपल्याकडे शिमगा आहेच की. आहे, पण किती गैरसोयीचा! फाल्गुनापर्यंत वाट बघायची, मग होळीचं झाड तोडून खांद्यावर घ्यायचं आणि कंबरडं मोडत असताना फाका, म्हणजे शिवराळ आरोळ्या, घालायच्या. त्यातही यमक जुळलं पाहिजे, ठेका चुकता कामा नये, कारण ठेका चुकला तर पावलं चुकतात आणि झाड पायावर येतं. पालखी दारात आली की त्याच तोंडाने गाऱ्हाणं ऐकत ‘होय महाराजा’ म्हणायचं. वर्षभर साठवलेला माल चार-आठ दिवसांत फुकट वाटणाऱ्यांना धंदा काय कळणार? तुम्ही मंगळवारी संध्याकाळी साडेसातलासुद्धा बोंब मारू शकता आणि तुम्हाला झाड उचलावं लागत नाही.

दशावतारही बघत बसू नका. तिथला संकासुर वेद चोरून आणतो आणि मालवणीत समोरच्याची भंबेरी उडवतो. पुढच्या आख्यानात तर हातात लिहिलेली संहिताच नसते, संवाद जागच्या जागी रचायचे. डबलबारीत, म्हणजे भजनाच्या सामन्यात, दोन बुवा पेटी पुढ्यात घेऊन एकमेकांची सालं काढतात, तीही पखवाज न थांबवता, पांडुरंगाच्या साक्षीने. तुम्ही ज्याला रोस्ट म्हणता त्यात समोरच्याला अभंग यावा लागतो, ही अट तुमच्या मित्रमंडळींना जाचक होईल.

आता दुसरा पंथ, स्वच्छ विनोदवाल्यांचा. ‘एकही शिवी नाही, सहकुटुंब या’ असं फलकावर लिहिलं की देणगी देणाऱ्यांचे चेहरे उजळतात. मग निर्धास्तपणे बायकोच्या वजनावर बोला, कोळणीच्या आवाजावर बोला, सावळ्या मुलीच्या लग्नावर बोला, तोतऱ्या मुलाची नक्कल करा. हे सगळं स्वच्छ. आमच्याकडे असा एक प्रयोग झाला तेव्हा डाव्या बाजूच्या निम्म्या बायका पदराशी चाळा करत खाली बघत होत्या. शिवी मात्र एकही नाही! अध्यक्षांनी नारळ दिला. कोणाला लागलं हे विचारायचा रकाना आमच्या वहीत नाही.

कायद्याचंही बघून ठेवा. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जुन्या कलम 294 च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम 296 आलं. सार्वजनिक जागी लोकांना त्रास होईल असं अश्लील बोललात तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपये म्हणजे दोघांची सुरमईची थाळी धरा. पण तेच मोबाइलवर चढवलंत आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67 लागलं, तर पहिल्याच खेपेला तीन वर्षं आणि 5 लाखांपर्यंत मजल जाते. आमच्या वाडीत रेंज नाही, हा तुमच्या सुरक्षिततेसाठी केलेला बंदोबस्त समजा. हां, मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वेबमालिकेच्या खटल्यात निव्वळ शिवराळ भाषा म्हणजे अश्लीलता नव्हे असं म्हटलंय. ते आमच्या पोलीस पाटलांना तुम्हीच समजावून सांगा.

मुलाखत द्यायची वेळ आली तर अमेरिकेतल्या लेनी ब्रूस या स्टँडअपवाल्याचं नाव घ्या. त्याला 1964 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अश्लीलतेबद्दल दोषी ठरवलं, 1966 मध्ये तो गेला आणि माफी मिळाली 2003 मध्ये. धर्म, वंशभेद, न्यायालय अशा विषयांत त्याने हात घातला होता. तेवढं तुम्ही वगळा. नाव पुरे.

गेल्या वर्षी आमच्याकडे जो आला तो तालुक्यातलाच पोरगा. पहिल्या पाच मिनिटांत एकतीस शिव्या, सगळ्या हिंदीत. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मला कोपराने ढोसून विचारलं, ‘‘ह्यो कोणाक गाळी घालता?’’ मी म्हटलं, कोणालाच नाही, असंच. ‘‘मगे घराकडे बसान घाल म्हणा,’’ आजोबा म्हणाले आणि त्यांनी पानाचा डबा काढला.

बाराव्या मिनिटाला पावसाची सर आली. माटवावरची ताडपत्री पोटुशी झाली होती, ती नेमकी त्याच्या मानेवर मोकळी झाली. तो दचकून मागे सरला आणि त्याचा अंगठा भजनाच्या पेटीवर आपटला. ‘‘आवशीक खाव!’’ माइक तोंडापासून दूर होता, तरी शेवटच्या खांबापर्यंत ऐकू गेलं. सगळा माटव फुटला. पखवाजवाल्याने थाप दिली, आतून मोदक वळणाऱ्या बायका बाहेर आल्या, आजोबांचं पान खाली पडलं. माझ्या वहीत त्या मिनिटापुढे लिहिलंय: उठून गेले शून्य, आत आले अकरा.

आठ दिवसांनी त्याने व्हिडिओ टाकला. मी तालुक्याला गेलो तेव्हा पाहिला. पाऊस, पेटी, अंगठा, सगळं कापलेलं. हशा मात्र त्याने फुकट घालवला नव्हता, तो उचलून सतराव्या शिवीला जोडला होता. तेव्हा एडिटिंग तेवढं शिकून या.