रात्री कोण फोटो बघतं?

परवापासून सोसायटीत मी 'ते मशीनवाले' झालोय. मशीन कसलं, ऑफिसातून भंगारात निघालेला कॉम्प्युटर, सहाव्या पिढीच्या आय-फाइव्हचा डबा. त्यात ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उतरतं, आणि वर फुकटातलं ओपनमीडियाव्हॉल्ट, म्हणजे डब्याचं घरच्या फोटोंचं कपाट करणारं सॉफ्टवेअर. फोटो फुकट ठेवून घेणाऱ्या गूगलने १ जून २०२१ पासून १५ जीबीवर कुंपण घातलं, तेव्हापासून हे डोक्यात होतं. डिस्क तपकीर गल्लीतून, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, आणल्या. तिथे डिस्क मागितली की पहिला प्रश्न, "सीसीटीव्हीला लावायचीये?" नाही म्हटलं की दुकानदार आपल्याकडे जरा काळजीने बघतो. घरी येऊन जोडली तर ४ टीबीची ३.६३ दिसते. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात, कॉम्प्युटर १०२४ ने, हा त्यांचा वाद. जागा माझी जाते. असो.

तर वरच्या मजल्यावरचे काका. वीज खात्यातून निवृत्त. वर्गणी मागायला आले आणि टीव्हीखालचा लुकलुकणारा डबा बघून दारातच थांबले.

"हे बंद कधी करतोस?"

"नाही करत, काका. चोवीस तास चालू."

"रात्रीसुद्धा? रात्री कोण फोटो बघतं?"

खरं सांगायचं तर दिवसाही कोणी बघत नाही. पण हे मी त्यांना कशाला सांगू? मी हिशेब मांडला: प्लगला लावलेला मीटर २५ वॅट दाखवतो, महिन्याला १८ युनिट, युनिटला दहा रुपये धरले तरी १८० रुपये. काका हसले. वीज खात्यातला माणूस जसा ग्राहकाच्या हिशेबाला हसतो, तसे.

"तुझा तो चायनीज मीटर. चल खाली, खरा मीटर दाखवतो."

आणि रविवारी सकाळी साडेअकराला आम्ही दोघं जिन्याखाली, मीटरच्या पेटीसमोर. वर बायकोने फ्रिज, पंखे, सगळं बंद केलेलं, चालू फक्त हॉलमधला तो एक प्लग. माझ्या मीटरवर ३२०० छापलंय, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा चमकला की एक युनिट. २५ वॅटला दर ४५ सेकंदांनी एकदा चमकायला हवा. हे गणित काकांनी तोंडी केलं, आणि मला त्यांच्याबद्दल क्षणभर आदर वाटला. मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. काका मनगटावरच्या घड्याळात बघत होते, मोबाइलवर त्यांचा विश्वास नाही. कुत्रं फिरवायला निघालेल्या पहिल्या मजल्यावरच्या वहिनी थांबल्या. वॉचमन आला. कुत्रंही बसलं. पाच जीव एका लाल ठिपक्याकडे टक लावून.

चमकला.

बावीस सेकंद!

"एक्कावन्न वॅट," काका म्हणाले. "दुप्पट. सांगत नव्हतो?"

मला घाम फुटला. मग आठवलं, त्याच प्लगच्या पट्टीवर सेट-टॉप बॉक्स आणि राउटरही आहेत. "काका, तो सेट-टॉप बॉक्स..."

"टीव्ही बंद आहे ना? मग तो कशाला खाईल?"

चाळीस वर्षं वीज खात्यात काढलेला माणूस! मी समजावतोय, तो रिमोटने 'बंद' केला तरी जागाच असतो, तोवर काका म्हणाले, "थांब, तुझा डबा काढून बघू," आणि मीटरखालचा माझ्या घराचा खटका खाली ओढला.

वर त्या वेळी जुन्या ड्राइव्हवरून दहा वर्षांचे फोटो आत उतरत होते. कुठवर आले, कुठला अर्धा राहिला, पत्ता नाही. वीज गेली तरी डबा चालू ठेवणारा यूपीएस घे, असं सगळेच सांगतात. दोन हजार वाचवायला मीच नाही घेतला, हे मान्य. पण खटका मी ओढला नव्हता. रात्री दीडपर्यंत एकेक फाइल ताडून बघत बसलो होतो. म्हणजे रात्री कोण फोटो बघतं, याचं उत्तर मिळालं. मी. गणपती, गणपती, पुन्हा गणपती, आणि कोणाच्या तरी अंगठ्याचे चौदा फोटो.

सकाळी ग्रुपवर काकांचा मेसेज: 'दुसऱ्या मजल्यावर अहोरात्र यंत्र चालते. बिटकॉइन असल्यास कमिटीने दखल घ्यावी.' खाली अकरा अंगठे. त्यातला एक वहिनींचा. कुत्र्याने तेवढा दिला नाही.

चिडून खाली उतरलो. लख्ख ऊन, आणि जिन्यातल्या सहाच्या सहा ट्यूबलाइट चालू. जुन्या, जाड चोकच्या. एकेक माझ्या डब्याच्या दुप्पट खाणारी, आणि नुसती भिंत बघत उभी. मी वर बघून हाक मारली, "काका, ह्या दिवसा कोण बघतं?"

काका कठड्यावरून वाकले.

"त्या कॉमन मीटरवर आहेत."