‘वागणूक चांगली’ एवढ्यावर अर्ज पुढे सरकत नाही!

कॅनडाला निघालेल्या वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियनच्या फाइलमध्ये पुन्हा पुन्हा तेच अनुभवपत्र. ‘यांनी आमच्याकडे अमुक काळ काम केले. वागणूक चांगली. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ खाली शिक्का आणि कुणाची ते न कळणारी सही. अरे, हातात एवढं कसब असलेल्या माणसाचा अर्ज या तीन ओळींवर अडतो!

पत्रात काय हवं, हे काही गुपित नाही. लेटरहेड, कंपनीचा पत्ता-फोन-ईमेल, हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, पगार-भत्ते, नेमकी कामं, सही करणाऱ्याचं नाव आणि पद. त्यातले तास हमखास गळतात. फेडरल स्किल्ड ट्रेड्स या कुशल कारागिरांसाठीच्या कॅनडाच्या कायम वास्तव्याच्या योजनेसाठी अर्जाआधीच्या ५ वर्षांत २ वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, म्हणजे ३,१२० तास लागतात. पत्रात तासच नसतील तर मोजायचे कशावरून?

दुसरं टोक त्याहून वाईट. कॅनडाच्या सरकारी व्यवसाय-यादीत इलेक्ट्रिशियनचा कोड ७२२००, मग त्याखालची कामांची यादी जशीच्या तशी उतरवायची. अधिकाऱ्यांना ती यादी ओळखीची असते, संशय येणारच. ‘काँड्युट वाकवून बसवणं, डीबीची जोडणी, मेगरने इन्सुलेशन तपासणं’ असं स्वतः केलेलं काम लिहून घ्या ना!

आणि हे नोकरी सोडतानाच मागा. नंतर सुपरवायझर बदलतो, वर्कशॉप बंद पडतं. मालक देतच नसेल तर पगारपत्रकं, नेमणूकपत्र आणि पत्र का मिळालं नाही याचा लेखी खुलासा जोडा.