बस लेनला माझा विरोध नाहीच, फक्त एक 'पण' आहे

एक दिवस तुमच्या रस्त्यावरच्या खांबाला एक कागद चिकटवलेला दिसेल. या रस्त्यावर बससाठी वेगळी लेन करण्याचे, फूटपाथ रुंद करण्याचे, झाडे लावण्याचे व बाकडी बसवण्याचे योजिले आहे, तरी ज्यांची हरकत असेल त्यांनी अमुक तारखेस सुनावणीस हजर राहावे, वगैरे वगैरे. वाचून छातीत धस्स होणार, मलाही झालेलं. कारण नकाशात जिथे ती लाल पट्टी रंगवलीये ना, बरोबर तिथेच तुमची गाडी उभी असते. पण घाबरू नका. मी या कामात मुरलेला माणूस आहे, आमचा रस्ता गेली कित्येक वर्षं मी एक इंचही सुधारू दिलेला नाही, आणि एवढी विद्या माझ्याबरोबरच संपू नये म्हणून हे लिहायला घेतलंय.

सगळ्यात आधी एक पथ्य. विरोध करायचा नाही. विरोध करणारा माणूस लगेच ओळखू येतो, त्याला लोक नावं ठेवतात. तुम्ही पाठिंबा द्यायचा, अगदी भरभरून द्यायचा. "सार्वजनिक वाहतूक सुधारलीच पाहिजे, मी स्वतः सायकलवाला माणूस आहे" अशी सुरुवात करायची (सायकल गॅलरीत धूळ खात पडलीये हे कोणी विचारत नाही), मग एक सेकंद थांबायचं, घसा साफ करायचा आणि म्हणायचं, "पण". या 'पण'नंतर काहीही चालतं हो. पण हा रस्ता नको, पलीकडचा घ्या. पलीकडच्या रस्त्यावरही तुमच्या-माझ्यासारखंच कोणीतरी राहतं आणि ते म्हणतं अलीकडचा घ्या, आणि मग ती लेन दोन रस्त्यांच्या मधे अशी काही अडकते की तिला खाली उतरवायला कोणी येत नाही.

दुसरं, भाषा सांभाळा. तुमची गाडी साधारण बारा चौरस मीटर सरकारी रस्ता अडवून दिवसाचे बावीस-तेवीस तास नुसती उभी असते, हे खरंय, पण असं बोलायचं नसतं. "माझं पार्किंग" म्हणायचं. माझं घर, माझी मुलं, माझं पार्किंग. आणि बस लेनला "अतिक्रमण" म्हणायचं. एखादा शहाणा उठून गणित मांडेल की एका लेनमधून गाड्यांनी तासाला जेमतेम 600 ते 1600 माणसं जातात आणि तीच लेन बसला मोकळी दिली, बस भरपूर सोडल्या, तर 4000 ते 8000 जाऊ शकतात. त्याच्याशी वाद घालू नका, हराल. फक्त एवढंच विचारा, "आणि रुग्णवाहिका कुठून जाणार?" मोकळ्या बस लेनमधून रुग्णवाहिका सुसाट निघते आणि आत्ता जी अडकते ती आपल्याच गाड्यांच्या मागे अडकते, हे सभागृहात कोणाच्या लक्षात यायच्या आत पुढच्याचं नाव पुकारलेलं असतं.

मग संस्कृतीचा मुद्दा काढा, हा कधीच वाया जात नाही. "परदेशात ठीक आहे, आपल्याकडे लोक चालत नाहीत." गंमत म्हणजे परदेशातही लोक अगदी हेच म्हणत होते. कोपनहेगननं 1962 साली स्ट्रॉयेट नावाचा आपला मुख्य बाजाररस्ता गाड्यांना बंद केला तेव्हा तिथले लोक म्हणायचे, आपण डॅनिश माणसं, इटालियन थोडेच आहोत असं रस्त्यात फिरायला, आणि दुकानदार म्हणायचे की धंदा बसणार. तो रस्ता आजही चालणाऱ्यांचाच आहे आणि गर्दीनं वाहतोय, त्यामुळे कोपनहेगनचं नाव आपण काढायचं नाही, समोरच्यानं काढलं तर "तिथलं हवामान वेगळं" म्हणायचं. तिथे पाऊस, वारा, हिवाळ्यात लवकर पडणारा अंधार असं सगळं असतं हे त्याला माहीत नसेल अशी आशा करायची.

दुकानदारांना मात्र सोबत घ्याच, त्यांच्याशिवाय हे होत नाही. प्रत्येक दुकानदाराला मनापासून वाटतं की आपलं गिऱ्हाईक गाडीतून येतं, कारण तो स्वतः गाडीतून येतो आणि सकाळी दुकानासमोरची पहिली जागा त्याचीच असते. 2006 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये सस्ट्रान्स या चालण्या-सायकलिंगसाठी काम करणाऱ्या संस्थेनं हे तपासून पाहिलं होतं. दुकानदारांचा अंदाज होता 41 टक्के गिऱ्हाईक गाडीनं येतं, प्रत्यक्षात निघालं 22 टक्के. म्हणून सांगतो, तुमच्या बाजारात असली मोजणी होऊ देऊ नका. वही-पेन घेऊन कोपऱ्यावर कोणी उभं दिसलं की प्रेमानं चौकशी करा, कुठून आलात, परवानगी आहे का.

आता जरा धोक्याची गोष्ट. पाहणी, अहवाल, सल्लागार, अहवालावर अहवाल, हे सगळं आपल्या बाजूचं आहे, जितकं मागाल तितकं कमी. पण "आधी सहा महिने करून तर बघू" असं कोणी म्हणालं की सावध व्हा. स्टॉकहोममध्ये 2006 मध्ये नेमकं हेच झालं. शहरात गाडी आणायची तर पैसे भरा असा नियम जानेवारी ते जुलै प्रयोग म्हणून लावला. आधी लोक चिडलेले होते, बहुसंख्य विरोधात होते. मग गाड्या साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी झाल्या, रस्ते मोकळे दिसायला लागले, आणि त्याच सप्टेंबरात मतदान घेतलं तर शहरानं चक्क हो म्हटलं! पुढच्या वर्षी तो नियम कायमचा. कळलं का? लोकांना एकदा चव लागली की संपलं.

त्याहून वाईट ब्राझीलमधल्या कुरिचिबाचं. तिथला महापौर जायमे लेर्नर, व्यवसायानं वास्तुरचनाकार, त्यानं 1972 मध्ये शहरातला मोठा रस्ता चालणाऱ्यांसाठी करायचं ठरवलं आणि शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू करून 72 तासांत संपवूनच टाकलं. सोमवारी दुकानदार बघतात तर रस्त्याच्या जागी झाडं आणि फरशी. गाडीवाले म्हणाले आम्ही गाड्या घालून रस्ता परत घेणार, तर ह्यानं तिथे कागदाच्या लांबलचक पट्ट्या अंथरून लहान मुलांना चित्रं काढायला बसवलं. घाला म्हणावं आता गाडी! म्हणून माझा नियम आहे, शुक्रवारी संध्याकाळी रस्त्यावर फरश्यांचा ट्रक उभा दिसला तर रात्री झोपायचं नाही.

मुलांवरून आठवलं, आयांना कमी लेखू नका. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट मोझेस नावाचा गृहस्थ होता, त्यानं म्हणेल तिथे पूल आणि म्हणेल तिथे महामार्ग बांधलेला. त्याला वॉशिंग्टन स्क्वेअर या बागेतून आरपार रस्ता न्यायचा होता. विरोधात आहेत कोण तर चार आया, असं तो तणतणत म्हणाल्याचं शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज सांगायच्या, आणि त्या स्वतः त्या आयांमध्येच होत्या. रस्ता झाला नाही, उलट 1958 मध्ये बागेतून आधीपासून जात होत्या त्या गाड्याही बंद झाल्या. हॉलंडमध्ये 1971 या एका वर्षात रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती, आणि त्यातून "बालहत्या थांबवा" या नावाची चळवळ उभी राहिली. आज तिथल्या सायकल ट्रॅकचे फोटो बघून आपण म्हणतो ना, "त्यांच्याकडे पहिल्यापासूनच हे होतं", ते असं पहिल्यापासून होतं. इथे माझ्याकडे विनोद नाही, पुढे चला.

नुसतं नको-नको बरं दिसत नाही, पर्यायही द्यावा लागतो. आपला पर्याय ठरलेला आहे, रस्ता रुंद करा. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये केटी फ्रीवे नावाचा महामार्ग वाढवत वाढवत 2008 पर्यंत काही ठिकाणी बाजूचे रस्ते धरून 26 लेनचा केला. सव्वीस! आणि 2011 ते 2014 या तीनच वर्षांत गर्दीच्या वेळी लागणारा वेळ पुन्हा चांगलाच वाढला, कारण मोकळा रस्ता दिसला की जे लोक निघणारच नव्हते तेही निघतात. यातून काही जण म्हणतील की रुंदीकरणाचा उपयोग होत नाही. तुम्ही म्हणायचं, 27वी लेन राहिलीये. आणि दक्षिण कोरियातल्या सोलचं नाव तर काढूच देऊ नका. तिथे 2003 मध्ये उड्डाणमार्ग पाडून त्याखाली गाडलेला जवळजवळ सहा किलोमीटरचा ओढा 2005 पर्यंत उघडा केला आणि शहर काही बंद पडलं नाही, लोक आता पाण्यात पाय सोडून बसतात. असले फोटो सभेत फिरले की माणसं भावुक होतात.

बाकड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, हा माझा आवडता विषय आहे. बाक दिसायला निरुपद्रवी असतो पण त्यावर माणसं बसतात. एकदा बसायला लागली की त्यांना सावली पाहिजे, सावलीसाठी झाड पाहिजे, मग प्यायला पाणी, मग स्वच्छतागृह, आणि बघता बघता तुमच्या रस्त्याची जागा होते. म्हणून "नको ते लोक बसतील" हे वाक्य तयार ठेवा. नको ते म्हणजे कोण, हे कोणीही विचारत नाही, जो तो मनात आपापली यादी करतो. तरीही बाक मंजूर झालाच तर मधे लोखंडी दांडा बसवून घ्या म्हणजे कोणी आडवं होणार नाही, आणि तोंड भिंतीकडे करून घ्या. आमच्याकडचा बाक भिंतीपासून वीतभर अंतरावर भिंतीकडेच तोंड करून आहे. संध्याकाळी एक आजोबा येतात, त्याच्या पाठीला टेकून उभे राहतात आणि रस्ता बघतात. बसस्टॉपचं तर आम्ही त्याहून झकास केलंय. शेड रद्द करून घेतलं, नुसता खांब ठेवला. दुपारी बघाल तर दहा-बारा माणसं खांबाच्या सावलीत एकामागे एक उभी असतात, सावली सरकली की रांगही सरकते. शिस्त नाही म्हणतात लोकांना.

आता मुख्य गोष्ट, सुनावणी. वरचं सगळं विसरलात तरी चालेल पण सुनावणीला जायचंच. बोस्टन विद्यापीठातल्या तिघा संशोधकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या 97 गावा-शहरांच्या असल्या सभांची इतिवृत्तं चाळली, विषय नव्या घरांचा होता, तर बोलायला येणारे जास्त करून वयस्कर, पुरुष आणि स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारे निघाले, आणि बहुतेक विरोधातच बोलत होते. म्हणजे मीच की! सांगायचा मुद्दा, आपण जास्त असायची गरज नाहीये, आपल्याकडे वेळ पाहिजे. म्हणून सुनावणीची वेळ आपल्याला सोयीची मागून घ्यायची, कामाच्या दिवशी, दुपारी चार.

आमच्या बस लेनच्या सुनावणीला मी साडेतीनलाच जाऊन पुढची रांग धरली होती. माझ्या मागे एक बाई येऊन बसल्या, हॉस्पिटलात नर्स आहेत म्हणाल्या, रात्रपाळीला जायचं होतं, मांडीवर डब्याची पिशवी. हातात कागद होता, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, बस किती वाजता यायला पाहिजे आणि किती वाजता येते असे दोन रकाने, तीन महिन्यांचे, तारखांसकट, काही ठिकाणी पेन बदललेलं. "माझा नंबर कितवा हो?" त्यांनी मला विचारलं. मी यादी बघून सांगितलं, सतरावा. मी तिसरा होतो. प्रत्येकाला तीन मिनिटं ठरलेली, मी अकरा घेतली, रुग्णवाहिकेवर चार आणि वारशावर सात. माझ्यानंतरच्यानं आपल्या गाडीचे फोटो आणले होते, ते अध्यक्षांपर्यंत जाऊन परत आले. बाई दर थोड्या वेळानं घड्याळ बघत होत्या. नववा बोलत असताना त्या उठल्या, माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "ही गेली तर पुढची कधी येईल सांगता येत नाही", आणि गेल्या.

सतराव्या नंबरला त्यांचं नाव दोनदा पुकारलं. इतिवृत्ताची प्रत मी मागवून घेतलीये, फ्रेम करायचा विचार आहे. हरकती, चौदा. बस लेनच्या बाजूने निवेदने, निरंक.