दुर्लक्ष कशाकडे करायचं? एका आईच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली. उत्तर लिहायला बुधवार उजाडला, कारण आधी लहान मुलांच्या टिकबद्दलचा (टिक म्हणजे मनात नसताना पुन्हा पुन्हा होणारी तीच ती हालचाल किंवा आवाज) माझाच लेख तुमच्या नजरेने पुन्हा वाचायचा होता.

तुमची आठ वर्षांची मुलगी अचानक तोंड वेडंवाकडं करायला लागली, खांदे उडवायला लागली. ‘लहान मुलांच्या टिक बहुतेक वेळा आपोआप जातात, दुर्लक्ष करा’ हे माझं वाक्य वाचून तुम्ही थांबलात. सहा आठवड्यांनी तिच्या हातून ताट पडायला लागलं, तेव्हा कळलं की हा कोरिया नावाचा आजार आहे, ज्यात चेहरा-हातपाय आपोआप, कसेही हलतात. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची झडपही थोडी गळताना दिसली. ‘तुमच्या एका शब्दापायी आमचे सहा आठवडे गेले,’ असं तुम्ही लिहिलंत.

ते खरं आहे. ‘दुर्लक्ष करा’ मी दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं आणि ‘एकदा डॉक्टरांना दाखवा’ पार शेवटी. रात्री मोबाइलवर शोधत बसलेली आई दिलासा मिळाला की तिथेच थांबते. रोज अशा आयांशी बोलणाऱ्या बालरोगतज्ज्ञाला हे कळायला हवं होतं. कोरियाचं तर मी नावही घेतलं नव्हतं. मी तुमची मनापासून माफी मागते. लेख आता बदलला आहे, पण जे तिथे आधीपासून हवं होतं ते इथेही लिहिते.

टिकची हालचाल ठरलेली असते. तोच डोळा मिचकावणं, तीच मान झटकणं, तेच घसा खाकरणं. महिन्याभराने ती जाऊन दुसरी येईल, पण जी असते ती इतकी ओळखीची होते की धाकट्या भावंडालाही तिची नक्कल करता येते. कोरियाची नक्कल जमत नाही. पुढचा झटका बोटात येईल, गालात की पायात, याचा नेम नसतो. टिक असलेलं मूल मान झटकतं आणि पुन्हा रेषेच्या आत नीट रंग भरतं. कोरियात कामच बिघडतं: बटण लागत नाही, घास तोंडाशी नेईपर्यंत सांडतो, बाहेर काढलेली जीभ ठरत नाही. आपली दोन बोटं घट्ट धर म्हटलं तर पकड सारखी सैल-घट्ट होत राहते, धार काढताना होते तशी. डॉक्टरांच्या भाषेतही तिला गवळणीची पकड असंच म्हणतात. जोडीला चिडचिड, कारण नसताना रडू. तुमच्या मुलीच्या वहीवर बाईंनी ‘अक्षर सुधारा’ असा शेरा मारला आणि घरी सगळ्यांना ती हट्टी झाली असं वाटलं, हे तुम्ही लिहिलंय. ती दोन्ही आजाराची लक्षणं होती, ताई. तिला सांगा की तिचं काही चुकलं नव्हतं.

या कोरियाचं मूळ घशात असतं. स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा धरतो, दोन-चार दिवसांत बरा होतो, घरचे विसरूनही जातात. पण जंतूविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) काही मुलांमध्ये मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागावर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतात. या आजाराला संधिवाताचा ताप (रुमॅटिक फीवर) म्हणतात. हालचाली सुरू व्हायला कित्येक आठवडे, कधी काही महिनेही लागतात, त्यामुळे दुवा जोडणं अवघड जातं. पॅरिसमध्ये जिल द ला तुरेत या डॉक्टरांनी १८८५ मध्ये टिक असलेल्या नऊ रुग्णांचं वर्णन केलं, तेव्हा आपले रुग्ण कोरियाचे नाहीत हेच त्यांना दाखवायचं होतं. डॉक्टरांनाही जिथे गल्लत होत आली आहे, तिथे तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.

आता तुमच्या प्रतिक्रियेच्या उत्तरार्धाकडे येते. तिथे मी तुमच्याशी सहमत नाही. तुम्ही इतर आयांना सांगितलंय की मुलाने डोळे मिचकावले की लगेच एमआरआय करा, आणि ‘दुर्लक्ष हा आळशी पालकांचा बहाणा आहे, टोकत राहा’.

साध्या टिकसाठी एमआरआय लागत नाही. लहान मुलाला त्यासाठी बहुधा गुंगीचं औषध द्यावं लागतं. नीट ऐकणारा, नीट पाहणारा डॉक्टर आणि घरी काढलेला मोबाइलचा व्हिडिओ पुरतो. डोळे मिचकावत असेल तर ॲलर्जी आणि चष्म्याचा नंबर तपासावा. मधेच काही सेकंद शून्यात बघत राहतं, हाक ऐकू येत नाही, असं असेल तर मात्र ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) हवाच.

टोकण्याबद्दल तर मला कळकळीने सांगायचंय. टिक थोडा वेळ दाबता येते, म्हणून ती मुद्दाम केल्यासारखी वाटते. शिंकही दाबता येते की! दाबण्यात मुलाचं सगळं लक्ष खर्च होतं आणि फळ्यावरचं डोक्यात शिरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका सात वर्षांच्या मुलाचे वडील जेवताना त्याचं डोळे मिचकावणं मोजायचे. तो भिंतीकडे तोंड करून जेवायला लागला. मिचकावणं काही कमी झालं नाही. या मुलांच्या टिक साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत वाढतात आणि पुढे बहुतेकांच्या ओसरतात. टिकपेक्षा ते भिंतीकडचं तोंड जास्त काळ टिकेल, याची मला भीती वाटते.

त्रास जास्त असेल तर उपचार आहेत. टिक येण्याआधीची हुरहुर ओळखायची आणि तिच्या उलट हालचाल करायची, असं प्रशिक्षण असतं. अमेरिकेत २०१० मध्ये १२६ मुलांवर झालेल्या अभ्यासात हे प्रशिक्षण मिळालेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना दहा आठवड्यांत चांगला फायदा झाला. पण ते मुलाच्या मर्जीने, त्याला सोबत घेऊन होतं.

म्हणून लेखातलं वाक्य आता असं आहे: ‘आधी दाखवून घ्या, टिकच आहे हे कळल्यावर टिककडे दुर्लक्ष करा, आणि अक्षर, पकड किंवा स्वभाव बदलला तर त्याच आठवड्यात पुन्हा दाखवा.’

तुमच्या मुलीच्या हालचाली बहुधा काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत थांबतील. त्या थांबल्या म्हणून पेनिसिलिनची इंजेक्शनं थांबवू नका. पुन्हा घसा धरून झडपेला आणखी इजा होऊ नये म्हणून ती आहेत, आणि कित्येक वर्षं घ्यावी लागतात. ती दुखतात, मुली रडतात, परीक्षा आणि लग्नकार्यात तारखा हुकतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर एकविसाव्या दिवशी आत्ताच खूण करून ठेवा. पुढचा इको झाला की मला कळवाल का?